आशा की अपेक्षा? वरसाव्याच्या पुलाजवळ दोन्ही होत्या

29 मे 2024 च्या रात्री वरसावे खाडीपुलाजवळ, ससूनवघर इथे सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या बोगद्याचं काम सुरू असताना माती आणि काँक्रीटची भिंत कोसळली. पोकलेनचालक यंत्रासह खाली गाडला गेला. एनडीआरएफ, मग लष्कर, नौदल, तटरक्षक दल असे सगळे शोधकार्यात उतरले. दिवस उलटत गेले. अशा वेळी घरच्यांकडे जे उरतं, त्याला मराठीत ‘आशा’ म्हणतात. ‘अपेक्षा’ नाही.

फरक काय? दोन्ही शब्द संस्कृतमधले. अपेक्षेच्या मुळाशी ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं हा धातू आहे. मराठीतलं ‘पेक्षा’ (याच्यापेक्षा, त्याच्यापेक्षा) याच शब्दातून आलं. म्हणजे अपेक्षेत मोजमाप आहे. तिला आधार लागतो: दिलेला शब्द, भरलेले पैसे, ठरलेली तारीख. याच योजनेतून मीरा-भाईंदरला रोज 218 दशलक्ष लिटर पाणी मिळायचं ठरलं. त्या पाण्याची इथले लोक ‘अपेक्षा’ करतात, कारण जाब कुणाला विचारायचा हे त्यांना माहीत आहे.

आशेला असा आधार लागत नाही. भाषेतच बघा. अपेक्षा ‘रास्त’ असते, आशा ‘वेडी’ किंवा ‘भाबडी’. माणूस आशेवर जगतो. अपेक्षेवर जगतो असं कुणी म्हणत नाही. आशा धुगधुगते, अपेक्षा नाही. आणि नुसती ‘इच्छा’ म्हणजेही आशा नव्हे. अशक्य गोष्टीची इच्छा करता येते, पण आशेला निदान फट तरी लागते.

ती फट किती मोठी, हे सांगणारा शब्द म्हणजे ‘शक्यता’. बचावपथकं तिचाच हिशेब करतात. (हवामानाच्या बातमीत ‘पावसाची अपेक्षा’ लिहितात, ती इंग्रजीची छाया. तिथे ‘शक्यता’च हवी.)

‘उमेद’ मात्र फसवा शब्द. मूळ फारसी, अर्थ आशाच. हिंदीतली ‘उम्मीद’ अजून तोच अर्थ धरून आहे. मराठीत ती हुरूप, जिद्द झाली. जुना अर्थ ‘उमेदवार’ या शब्दात तेवढा राहिला. त्यामुळे बांधकामावरचा हिंदीभाषक कामगार ‘उम्मीद है’ म्हणाला, तर मराठी बातमीत ‘उमेद आहे’ लिहू नका. तो ‘आशा आहे’ म्हणतोय.