एस्प्रेसोचें दळण आणि माप

एस्प्रेसो या इटालियन कॉफीचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे बहुतेकांच्या मुखीं यंत्रांचा इतिहास येतो. पितळी घुमट, त्यांच्या शिखरावर पंख पसरून बसलेले गरुड, पुढें आलेल्या तरफा आणि त्याहिनंतरचे विजेचे पंप यांच्या वर्णनांत कथनकार रमून जातो. आणि ज्या भुकटींतून तें पाणी अखेर वाट काढतें, ती भुकटी तोलून किती घ्यावी व दळून किती बारीक करावी, हा प्रश्न तसाच मागें राहतो. वस्तुतः यंत्रांत झालेल्या प्रत्येक सुधारणेनें या भुकटीवरील जबाबदारी वाढवीतच नेली. घरीं एस्प्रेसो करूं पाहणाऱ्यांची जी फजिती गेलीं सत्तर वर्षें होत आली आहे, तिचें मूळहि येथेंच सांपडतें.

१८८४ सालीं तुरिन येथील प्रदर्शनांत आंजेलो मोरिओन्दो यानें वाफेच्या बळावर कॉफी करणारें एक यंत्र मांडलें व त्याच वर्षीं त्याचें पेटंटहि घेतलें. परंतु तें यंत्र एका वेळीं पुष्कळ पेल्यांची कॉफी करी. गिऱ्हाईक समोर उभें असावें आणि त्याच्या एकट्याच्या पेल्यापुरती कॉफी तत्काळ उतरावी, ही योजना मिलानच्या लुइजी बेत्सेराची. १९०१ च्या डिसेंबरांत त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. मूठ बसविलेल्या एका लहानशा गाळणींत पेल्यापुरती भुकटी भरावी, ती गाळणी यंत्राच्या तोंडाशीं अडकवावी आणि बाष्पपात्रांतील दाबानें कढत पाणी तिच्यांतून ढकलावें, अशी ती रचना होती. पुढें देझिदेरिओ पावोनी यानें हे हक्क विकत घेऊन कारखाना काढला, आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनांत लोकांनीं ही ताबडतोब मिळणारी कॉफी चाखून पाहिली. मापाच्या दृष्टीनें येथें एक मोठें स्थित्यंतर घडलें. तोंपर्यंत कॉफीचें माप भांड्याला लागत असे. आतां तें माणशीं लागूं लागलें. भांडेंभर कॉफींत चिमूटभर भुकटी अधिकउणी झाली तर कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. एका पेल्यांत तीच चिमूट चवीचा नूर पालटून टाकते.

तरी या पहिल्या पिढीच्या यंत्रांना दळणाची फारशी फिकीर नव्हती. वाफेचा दाब हवेच्या दाबाहून एक ते दीडपट अधिक, एवढाच काय तो भरे. इतक्याशा जोरानें पाणी पार व्हावयाचें तर दळण जाडसरच ठेवावें लागे. शिवाय वाफ व उकळतें पाणी यांचा स्पर्श होऊन कॉफी करपट व कडवट होई. आजच्या एस्प्रेसोवर जो तांबूस, दाट थर दिसतो त्याचा त्या काळच्या पेल्यांत मागमूसहि नव्हता.

तो थर आणला मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यानें. १९३८ सालीं त्यानें वाफेला फांटा देऊन दट्ट्यानें पाणी दाबण्याच्या रचनेचें पेटंट मागितलें. महायुद्धानें तें काम कांहीं काळ थोपविलें. नंतर १९४७ सालीं त्यानें स्प्रिंग व तरफ यांची जोड असलेलें पेटंट घेतलें आणि पुढच्याच वर्षीं तशीं यंत्रें बाजारांत आणलीं. तरफ खालीं ओढली कीं स्प्रिंग आवळली जाते आणि दट्ट्याखालीं पाणी भरतें. तरफ सोडतांच तीच स्प्रिंग तें पाणी हवेच्या दाबाच्या आठ-नऊपट जोरानें भुकटींतून रेटते. या दाबाखालीं कॉफींतील तेलें पाण्याशीं एकजीव होतात, ताज्या भाजणींतून आंत अडकून राहिलेला कर्बवायु सुटतो, आणि पेल्यावर साय धरल्यासारखा फेस येतो. हा फेस प्रथम पाहून गिऱ्हाइकें बिचकलीं, अशी हकीकत सांगतात. गाज्जानें मात्र यंत्रावरच ‘नैसर्गिक साय असलेली कॉफी’ अशा अर्थाचीं अक्षरें घालून त्या फेसाचीच जाहिरात केली. दट्ट्याच्या नळींत जेमतेम एका लहान पेल्यापुरतें पाणी मावत असे, त्यामुळें एस्प्रेसोचा पेला आकारानें कायमचा लहान झाला, हीहि एक गंमतच.

आतां खरी अडचण उभी राहिली. वाफेच्या यंत्राला चालणारें जाडसर दळण या दाबापुढें टिकेना. पाणी तीन-चार क्षणांत सरळ निसटून जाई आणि पेल्यांत उरे तें आंबूस, पाणचट द्रव्य. दाब जसा वाढला तशी भुकटी बारीक करणें भाग पडलें. ती इतकी बारीक हवी कीं पाणी अडेल, परंतु इतकीहि नको कीं तें अजीबात कोंडेल. एस्प्रेसोचें सारें कौशल्य या दोन मर्यादांमधील अरुंद पट्टींत राहतें.

ही पट्टी एवढी अरुंद कां, याचें उत्तर कॉफीशीं कसलाहि संबंध नसलेल्या एका फ्रेंच इंजिनियरानें फार पूर्वींच देऊन ठेविलें होतें. आंरी दार्सी यानें दिजों शहराला पाणीपुरवठा करून दिला आणि १८५६ सालीं त्यासंबंधीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूच्या थरांतून पाणी किती वेगानें झिरपतें याचे प्रयोग त्या ग्रंथाच्या पुरवणींत आहेत. पाण्याचा दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. वाळूचा थर दुप्पट जाड केला तर प्रवाह निम्म्यावर येतो. पुढील अभ्यासकांनीं यांत कणांच्या आकाराची भर घातली: कणांचा व्यास निम्मा केला तर प्रवाह साधारणतः चौथाईवर येतो. गाळणींत दाबून बसविलेली कॉफीची वडी म्हणजे असाच एक वाळूचा थर होय. भुकटी ओली होऊन फुगते, तिच्यांतील अतिसूक्ष्म कण सरकतात, म्हणून दार्सीचा नियम येथें तंतोतंत लागत नाहीं. पण त्याची दिशा चुकत नाहीं. चौदा ग्रॅमांचे सोळा ग्रॅम केले तर वडी थोडीशी जाड होते आणि पाणी थोडेंसें मंदावतें. जात्याचें चाक मात्र केंसभर फिरविलें तरी पंचवीस सेकंदांचे चाळीस होतात. माप हें सावकाश फिरणारें सुकाणूं आहे आणि दळण हें हात लागतांच वळणारें. दोन्ही एकदम फिरविणाऱ्याला आपण कोणीकडे चाललों याचा पत्ता लागत नाहीं.

जातें हा शब्द येथें केवळ अलंकार म्हणून आलेला नाहीं. एस्प्रेसोसाठीं जें यंत्र लागतें तें खरोखरच जात्याच्या जातीचें आहे: एक तळी स्थिर, दुसरी फिरती, आणि दोहोंमधलें अंतर कमीजास्त करण्याची सोय. फरक एवढाच कीं दगडाच्या जागीं दांतेरी पोलादी चकत्या असतात. घरोघरीं जात्यावर दळण होत होतें तेव्हां तळ्या गुळगुळीत झाल्या म्हणजे त्यांना टाकी लावावी लागे. पोलादी चकत्यांचे दांत झिजले म्हणजे त्या बदलाव्या लागतात. स्वयंपाकघरांतील पात्यांचें यंत्र हें काम करूं शकत नाहीं. तें बी दळत नाहीं, तोडतें. त्यांतून निघणाऱ्या भुकटींत रव्याएवढे कण व मैद्यासारखी धूळ शेजारीं शेजारीं नांदतात, आणि पाणी सोपी वाट पाहून निघून जातें.

इटलींतील दुकानांत हें जातें यंत्राच्या शेजारींच ठेवलेलें असे. त्याच्या तोंडाशीं भुकटी सांठविण्याचा एक डबा असे, व खटका ओढला कीं एका पेल्याचें माप, म्हणजे सुमारें सात ग्रॅम, गाळणींत पडे. हवा दमट झाली, बी शिळें झालें, दुपारच्या गर्दीनें जातें तापलें कीं दुकानदार चाक किंचित् इकडेतिकडे करी. १९६१ सालीं फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंते यानें ई-६१ हें यंत्र आणलें. त्या वर्षींच्या फेब्रुवारींत इटलीवरून खग्रास सूर्यग्रहण गेलें होतें, त्यावरून हें नांव पडलें. त्यांत स्प्रिंगेच्या ऐवजीं विजेचा पंप होता. स्प्रिंग पसरत जाईल तसा तिचा जोर ओसरतो, आणि त्या ओसरण्यांत दळणाच्या बारीकसारीक चुका पोटांत घातल्या जातात. पंप नऊपट दाब आरंभापासून अखेरपर्यंत सारखा लावून धरतो. आतां प्रवाहाला आवरणारें असें एकच साधन उरलें, तें म्हणजे दळण.

दुकानांत हें सारें निभावून गेलें. घरची गोष्ट निराळी होती. इटालियन घरांत १९३३ पासून आल्फोंसो बियालेत्ती याची अल्युमिनियमची मोका किटली हळूहळू शिरली होती. तिचा दाब जुन्या वाफेच्या यंत्रांच्याच जातीचा, म्हणून तिला मध्यम दळण पुरे. वाण्याकडून दळून आणलेली पुडी तिच्यांत चाले. १९५० नंतर गाज्जानें घरासाठीं लहान तरफेचीं यंत्रें काढलीं आणि पावोनी कारखान्याचें ‘युरोपिक्कोला’ हें यंत्रहि घरांच्या ओट्यांवर दिसूं लागलें. यंत्र घरीं आलें, परंतु जातें दुकानांतच राहिलें. मोकासाठीं दळलेली पुडी या यंत्रांत घातली कीं पाणी भसकन् निघून जाई; गृहिणी यंत्राला दोष देई, विकणारा गृहिणीच्या हाताला. दोष खरोखर दोघांचाहि नव्हता.

कारखानदारांनीं यावर तोड काढली ती जातें देण्याची नव्हे, तर जात्याची गरज झांकण्याची. दुहेरी तळाची गाळणी निघाली. तिच्या बाहेरच्या तळाला सुईच्या अग्राएवढें एकच छिद्र. भुकटी कशीहि असो, दाब त्या छिद्रापाशीं तयार होतो आणि फेसहि तेथेंच घुसळला जातो. हा फेस दिसावयास देखणा, पण भुकटींतील रस त्यामुळें अधिक उतरतो असें नाहीं. त्याच्याहि पुढचें पाऊल म्हणजे त्रिएस्ते येथील इल्ली यांनीं प्रचारांत आणलेल्या, कागदांत दाबलेल्या सात ग्रॅमांच्या गोल वड्या. आणि त्यानंतर १९७६ सालीं एरिक फाव्र यानें नेस्ले कंपनीसाठीं पेटंट केलेली व १९८६ पासून विक्रीस आलेली कुपी. कुपींत पांच-सहा ग्रॅम भुकटी कारखान्यांतच तोलून, दळून, हवाबंद करून येते. पिणाऱ्याच्या वाट्याला कळ दाबणें एवढेंच उरतें. सकाळच्या घाईंत हें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. मात्र माप आणि दळण या दोन्ही गोष्टी घरांतून उठून कारखान्यांत गेल्या, आणि त्या परत मिळविण्याची ज्यांना हौस होती त्यांना नव्यानें शिकावें लागलें.

शिकण्यासाठीं इटलींतून जें सूत्र मिळालें तें १९९८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेनें अक्षरबद्ध केलें: भुकटी ७ ग्रॅम, पाणी ८८ अंश, दाब नऊपट, वेळ २५ सेकंद आणि पेल्यांत २५ मिलिलिटर, प्रत्येकांत थोडीबहुत सवलत ठेवून. हें सूत्र इटलीच्या गडद भाजणीस व तिच्या मिश्रणांस साजेसें आहे. त्या मिश्रणांत भारतांतील रोबस्टाहि पडतो. कोडगू, चिकमगळूर इकडील मळ्यांतून दरवर्षीं मोठा माल इटलीस जातो, आणि इटालियन पेल्यावरील दाट सायीचें थोडें श्रेय त्या मळ्यांकडे जातें. अमेरिकेंत हलक्या भाजणीची आवड वाढली. तें बी टणक असतें व रस सहजासहजीं सोडीत नाहीं. तेव्हां दोन पेल्यांच्या गाळणींत चौदाच्या जागीं अठरा, वीस ग्रॅम भरण्याचा प्रघात तेथें पडला व जगभर पसरला.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा कांटा स्वस्त झाला, आणि घरगुती एस्प्रेसोच्या सुधारणेंत या कांट्याचा वांटा कोणत्याहि यंत्रापेक्षां कमी नाहीं. फेसामुळें पेल्यांतील उंची फसवी असते; वजन फसवीत नाहीं. आतां हौशी मंडळी आंत घातलेली भुकटी तोलतात तशीच बाहेर आलेली कॉफीहि तोलतात. १८ ग्रॅमांतून ३६ ग्रॅम, पंचवीस ते तीस सेकंदांत, ही आरंभाची खूण. माप प्रथम गाळणी ठरविते: वडी ओली होऊन फुगली तरी वरच्या जाळीला टेंकूं नये, इतकीच भुकटी घ्यावी. तें माप एकदां ठरलें कीं त्याला हात न लावतां केवळ दळण बदलावयाचें. कॉफी आंबट व पातळ लागली तर बारीक. कडू व तुरट लागली तर जाड. चाक फिरविल्यावर जात्यांत मागचें दळण थोडें शिल्लक असतें, तें काढून टाकल्याखेरीज नव्या दळणाची परीक्षा होत नाहीं. कित्येक नवशिके येथेंच चकतात आणि एका चुकीवर दुसरी रचीत जातात.

बारीक दळलें कीं रस अधिक उतरतो हा समज इतका दृढ होता कीं त्याची परीक्षा फारशी कोणी केली नव्हती. जानेवारी २०२० मध्यें ओरेगॉन विद्यापीठाचे ख्रिस्तोफर हेंडन व त्यांचे सहकारी यांनीं गणित व प्रयोग यांच्या आधारें दाखवून दिलें कीं, एका मर्यादेपलीकडे दळण बारीक केलें तर वडीचा कांहीं भाग कोंडतो, पाणी उरलेल्या भागांतून धांव घेतें आणि एकंदर रस उलट कमीच उतरतो. त्यांची सूचना अशी कीं वीस ग्रॅमांच्या जागीं पंधरा घ्यावे, दळण थोडें जाड ठेवावें आणि वेळ पुष्कळ कमी करावा. पेले एकमेकांशीं अधिक जुळतात आणि बीहि वांचतें. पंचवीस सेकंदांच्या सूत्रावर पोसलेल्या मंडळींना ही सूचना अर्थातच रुचली नाहीं, आणि चव कोणती सरस याचा निकाल समीकरणांनीं लागत नाहीं हा त्यांचा आक्षेपहि खोटा नव्हे.

याच संशोधकांपैकीं कांहींनीं २०२३ च्या डिसेंबरांत ज्वालामुखीचे अभ्यासक सोबतीला घेऊन दळणांतील विजेचा विचार केला. राखेचे कण एकमेकांवर घांसून ज्वालामुखीच्या धुरळ्यांत जशी वीज उत्पन्न होते, तशीच ती जात्यांत होते. कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात व वडी विषम बसते. बियांवर दळण्यापूर्वीं थोडें पाणी शिंपडलें तर हें पुष्कळ अंशीं टळतें, दळण सुटें पडतें आणि पेल्यांत रस अधिक उतरतो. घरगुती हौशी मंडळींत ही युक्ति कित्येक वर्षें आधींच रूढ होती. तोललेल्या अठरा ग्रॅम बिया वाटींत घ्यावयाच्या, चमच्याची ओली दांडी त्यांतून एकदां फिरवावयाची, आणि मग जातें सुरू करावयाचें.