अर्धवेळ म्हणजे नेमका किती वेळ?

आपल्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची असते. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ... प्रत्यक्षात कधी बारा तास झालेले असतात, कधी पाच. पण पगार वेळेवर जमा होतो, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नाही. आता जरा अशी कल्पना करा की शीटमध्ये फक्त क्लायंटसमोर डेमो दिला तेवढाच वेळ धरतात. कोड लिहिला, टेस्ट केला, रात्री जागून बग काढला, ते सगळं तुमचं तुम्ही बघा. वर डेमोचे तास कमी भरतात म्हणून तुम्ही 'अर्धवेळ'. आणि अर्धवेळ म्हणून विमा नाही, सुट्टीचा पगार नाही, पुढच्या प्रोजेक्टची खात्री नाही.

असल्या कंत्राटावर आपल्यापैकी कुणी सही करणार नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांमधे मात्र शिकवणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक साधारण अशाच अटींवर काम करतात. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे १९८७ मधे ३३ टक्के शिक्षक अर्धवेळ होते. २०२१ मधे ते ४८ टक्के झाले. यांना तिकडे 'अ‍ॅडजंक्ट' म्हणतात.

मूळ कल्पना वाईट नव्हती बरं का. दिवसभर कोर्टात असणाऱ्या वकिलाने किंवा कारखान्यातल्या इंजिनियरने संध्याकाळी येऊन एक वर्ग शिकवावा, मुलांना बाहेरचं जग कळावं, त्यालाही चार पैसे मिळावेत. त्याचं पोट त्या वर्गावर अवलंबून नाही, मग विमा आणि पेन्शन द्यायचं कारणच काय? गडबड तेव्हा सुरू झाली, जेव्हा याच अटींवर असे लोक येऊ लागले ज्यांना दुसरी नोकरी नव्हती. शिकवणं हीच त्यांची नोकरी.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे 'अर्धवेळ'ची व्याख्या थेट कायद्यात आकड्यात लिहिलेली आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांना (आपल्याकडच्या ज्युनियर कॉलेजशी गल्लत करू नका, ही बारावीनंतरची दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) १९६७ च्या कायद्याने एक रेघ आखून दिली. पूर्ण भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत शिकवणारा माणूस 'तात्पुरता', मग तो कितीही वर्षं शिकवत असो. त्याच्या वर गेला तर तो कायम होण्याच्या वाटेवर येतो. ओकलंडच्या पेराल्टा कॉलेजांमधल्या शिक्षकांनी या प्रश्नावर दोनदा कोर्ट गाठलं. १९७४ मधे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका अर्धवेळ शिक्षकाच्या बाजूने कौल दिला: वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा नेमलेल्या माणसाला नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येणार नाही. १९७९ मधे चित्र पूर्ण स्पष्ट झालं. १९६७ च्या कायद्याआधी लागलेल्यांना संरक्षण, नंतर लागलेल्यांना ६० टक्क्यांची रेघ.

आता प्रोग्रॅमरच्या डोक्याने बघा. एखाद्या सिस्टीममधे 'x जर ०.६० पेक्षा जास्त तर खर्च वाढव' अशी अट घातली, तर सगळे x कुठे जाऊन बसतील? बरोबर, ०.६० च्या अलीकडे. पूर्ण भार म्हणजे साधारण १५ युनिट, म्हणजे तीन-तीन युनिटचे पाच वर्ग. साठ टक्के म्हणजे तीन वर्ग. कॉलेज तीन वर्ग देणार, चौथा देणार नाही. तीन वर्गांत घर चालत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात आणखी तीन घेणार. झाले सहा वर्ग! पूर्णवेळ प्राध्यापकापेक्षा एक जास्तच, आणि तरीही दोन्हीकडे कागदावर अर्धवेळ. मधला वेळ हायवेवर. या लोकांना 'फ्रीवे फ्लायर' असं नावच पडलं. ऑफिसची खोली नाही, गाडीची डिकी हेच कपाट.

याच सुमारास, जून १९७८ मधे, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता कराला लगाम घातला. कम्युनिटी कॉलेजांचा मोठा आधार हा स्थानिक करच होता. पैसे आटले, विद्यार्थी मात्र येतच राहिले. मग प्राचार्याने काय करावं? पूर्णवेळ माणूस निवृत्त झाला की ती जागा भरायची नाही, वर्ग अर्धवेळवाल्यांना वाटून टाकायचे. कुणी दुष्टपणा केला असं नाही. प्रत्येक प्राचार्याने आपलं बजेट जुळवलं, आणि सगळ्यांच्या बजेटची बेरीज ही अशी झाली. १९८८ च्या एका सुधारणा कायद्याने ७५ टक्के तास पूर्णवेळ शिक्षकांकडे असावेत असं उद्दिष्ट ठेवलं. ते उद्दिष्टच राहिलं.

मला या इतिहासातला सगळ्यात आवडलेला प्रसंग उन्हाळ्याच्या सुट्टीचा आहे. सुट्टीत अर्धवेळ शिक्षकाला पगार नाही. मग तो बेकारी भत्ता मागू शकतो का? कायदा म्हणतो, पुढच्या सत्रात काम मिळण्याची 'वाजवी खात्री' असेल तर नाही. कॉलेजं म्हणायची, आहे की खात्री, आम्ही ऑगस्टचं वेळापत्रक दिलंय! पण त्याच पत्रात बारीक अक्षरात असायचं: विद्यार्थी पुरेसे आले तर, पैसे आले तर, पूर्णवेळ प्राध्यापकाला तो वर्ग नको असेल तर. म्हणजे कॉलेजचे दोन्ही डगरींवर हात. भत्ता द्यायची वेळ आली की "तुम्ही आमचेच", आणि वर्ग रद्द करायची वेळ आली की "तुम्ही तात्पुरते". सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षकांनी हे भांडण लावून धरलं आणि १९८९ मधे राज्याच्या अपील कोर्टाने निकाल दिला की इतक्या जर-तरवर टांगलेल्या आश्वासनाला खात्री म्हणता येत नाही. हा 'सर्व्हिसी' खटला. मोर्चा नाही, घोषणा नाही, फक्त एका शब्दाचा अर्थ नीट लावला आणि हजारो लोकांच्या उन्हाळ्याची सोय झाली. संघटना आजही सुट्टी लागायच्या आधी सभासदांना भत्त्याचा फॉर्म कसा भरायचा ते समजावून सांगतात.

हे झालं सरकारी कॉलेजांचं. खाजगी विद्यापीठांना देशाचा कामगार कायदा लागू होतो आणि तिथे तर गंमतच झाली. १९८० मधे न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की तिथले पूर्णवेळ प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यात इतका वाटा घेतात की ते 'व्यवस्थापक' ठरतात, सबब युनियनचा हक्क नाही. खाजगी विद्यापीठांमधल्या पूर्णवेळवाल्यांच्या युनियनला याने मोठा चाप बसला. पण अर्धवेळवाल्याला कुठल्याच समितीत कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे त्याला व्यवस्थापक म्हणणार कोण? ज्या बेदखलीची तक्रार होती तीच कामाला आली. २००२ मधे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अर्धवेळ शिक्षकांनी युनियन निवडली, तीही कुठली? मोटार कामगारांची, युनायटेड ऑटो वर्कर्स!

मग आला आरोग्य विमा. ओबामांच्या कायद्याने आठवड्याला ३० तास काम करणाऱ्याला विमा देणं मोठ्या मालकांवर बंधनकारक केलं. पुन्हा एक रेघ, आणि २०१३ मधे अनेक कॉलेजांनी लगेच अर्धवेळवाल्यांचे वर्ग कमी करायला घेतले. पण इथे सरकारला प्रथमच प्रश्न पडला की शिक्षकाचे तास मोजायचे कसे? फेब्रुवारी २०१४ मधे आयकर खात्याने उत्तर दिलं: वर्गातल्या एका तासाचे सव्वादोन तास धरायला हरकत नाही. म्हणजे एक तास शिकवणं आणि सव्वा तास तयारी आणि पेपर तपासणं. शिक्षक संघटना वर्षानुवर्षं जे ओरडून सांगत होत्या ते शेवटी आयकर खात्याच्या नियमात आलं, हा काव्यगत न्यायच म्हणायचा. अर्थात हे विम्यापुरतं, पगाराच्या स्लिपवर नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी बर्कलीच्या लेबर सेंटरने दाखवून दिलं की अर्धवेळ प्राध्यापकांची २५ टक्के कुटुंबं कुठल्या ना कुठल्या सरकारी मदत योजनेवर आहेत.

पगाराच्या स्लिपवर ते यायला संप लागला. न्यूयॉर्कच्या 'द न्यू स्कूल'मधे सुमारे ८७ टक्के शिक्षक अर्धवेळ. १६ नोव्हेंबर ते १० डिसेंबर २०२२ ते संपावर गेले. सत्राचा शेवट, परीक्षा तोंडावर, विद्यापीठाने पगार थांबवला. तीन आठवड्यांहून जास्त ताणल्यावर करार झाला. त्यात पगारवाढ आणि विमा होताच, शिवाय वर्गाबाहेरच्या कामाचा मोबदलाही होता.

कॅलिफोर्नियाची रेघ २००९ पासून ६७ टक्क्यांवर सरकली. २०२१ आणि २०२२ मधे ती ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत न्यायची विधेयकं विधिमंडळात मंजूरही झाली, पण गव्हर्नर न्यूसम यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. त्याऐवजी २०२२ च्या बजेटमधे अर्धवेळवाल्यांच्या विम्यासाठी वर्षाला २० कोटी डॉलर ठेवले. यात एक खरा पेच आहे. रेघ वर नेली तर माणसाची हायवेवरची धावपळ कमी होईल हे नक्की. पण ८५ टक्के काम तात्पुरत्या माणसाकडून होत असेल तर कॉलेज पूर्णवेळ जागा काढेल कशाला? मला विचाराल तर रेघ कुठे आखायची हा प्रश्नच दुय्यम आहे. तासाला तासाइतका मोबदला दिला, विमाही कामाच्या प्रमाणात दिला, तर रेघेच्या अलीकडे माणसं दाबून ठेवण्यात कॉलेजचा फायदाच उरत नाही.

आपल्याकडे तर हा हिशेब नावातच आहे: 'तासिका तत्त्वावर'! नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली माणसं घड्याळी तासावर. जानेवारी २०१९ मधे यूजीसीने अतिथी शिक्षकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार अशी शिफारस केली. भागाकार करा, महिन्याला ३३ तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम आठ. यूजीसीच्याच नियमात पूर्णवेळ सहाय्यक प्राध्यापकाचे वर्गातले तास आहेत आठवड्याला १६. म्हणजे आपल्याकडेही रेघ आहे, साधारण निम्म्यावर, फक्त ती रुपयांत लिहिली आहे. आणि या दीड हजारात तयारी, पेपर, प्रॅक्टिकलची वही, मुलांच्या शंका हे सगळं आलं.

तुम्ही-आम्ही इंजिनियरिंगला होतो तेव्हा प्रत्येक विभागात एक-दोन 'व्हिजिटिंग' सर किंवा मॅडम असायच्या. कॅन्टीनमधे बसून शंका सोडवणाऱ्या, कारण त्यांना केबिन नसायची. तो कॅन्टीनमधला वेळ कुठल्याही मस्टरवर कधी लागला नाही. मागणी एवढीच आहे की तो लागावा. आझाद मैदानात किंवा पुण्यात संचालनालयासमोर हे लोक बसलेले दिसले, तर ते काय मोजायला सांगतायत ते एकदा थांबून ऐका.