टायरची चकाकी आणि टायरचे आयुष्य

कोकणात उघड्यावर राहणाऱ्या वस्तूला काहीतरी चोपडून ठेवण्याची रीत फार जुनी आहे. होडीच्या लाकडाला मुशीच्या यकृताचे तेल, जाळ्यांना ऐनाच्या सालीचा काढा, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचे तेल. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो थांबला की ऊन आणि खारा वारा असतोच. अशा हवेत राहणाऱ्या माणसांनी हे शहाणपण अनुभवातून मिळवले.

आता दारात मोटार आली आणि तिच्या टायरांनाही काहीतरी लावले जाऊ लागले. दुकानात ‘टायर पॉलिश’च्या अनेक बाटल्या दिसतात आणि दीर्घकाळ टिकण्याचे आश्वासन बहुतेकींवर असते. यातली कोणती घ्यावी? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. होडीला लावलेले तेल लाकडात मुरते आणि त्याचे रक्षण करते. टायरला लावलेले पॉलिश टायरचे रक्षण करते का? या प्रश्नाचे उत्तर टायरच्या इतिहासात सापडते.

पांढरा टायर काळा कसा झाला?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर याला गंधकासह रबर तापवण्याची युक्ती सापडली. रबराचे लांबलचक रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना जोडले जातात आणि रबर लवचीक पण टिकाऊ बनते. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते मागे पडले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि टायरचे युग सुरू झाले.

हे सुरुवातीचे टायर काळे नव्हते. रबराचा मूळ रंग फिका आणि त्यात मिसळलेले झिंक ऑक्साइड पांढरे, त्यामुळे टायरही फिके दिसत. १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील कारखान्यात एस. सी. मोट याने रबरात काजळी मिसळून पाहिली. १९१० नंतर अमेरिकन कारखान्यांनीही ही रीत उचलली. काजळीच्या अतिसूक्ष्म कणांना रबराचे रेणू घट्ट धरून राहतात, त्यामुळे टायरची झीज कितीतरी कमी होते. आज टायरच्या वजनाचा सुमारे पाव भाग काजळीचाच असतो.

काजळीचा दुसरा गुण आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. ती सूर्यप्रकाशातले अतिनील किरण शोषून घेते. म्हणजे उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य टायरच्या अंगातच घातलेले असते. ते काम बाहेरून लावायच्या पॉलिशसाठी फारसे उरतच नाही.

भेगांचे कोडे

तरीही टायरांच्या बाजूंना बारीक भेगा पडतच राहिल्या. विशेष म्हणजे सावलीत ठेवलेल्या रबरालाही त्या पडत, मात्र ते ताणलेले असले तरच, आणि भेगा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात असत. गुन्हेगार होता ओझोन वायू. रबराच्या रेणूत कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमक्या त्या बंधांवर हल्ला करून रेणू तोडतो. ताणलेले रबर तुटलेल्या जागी उघडते, आतला ताजा भाग ओझोनला सापडतो आणि भेग खोल जाते. हवेच्या दहा कोटी भागांत ओझोनचे मोजकेच भाग असले तरी एवढे घडायला ते पुरतात.

हा संबंध इतका पक्का आहे की शास्त्रज्ञांनी त्याचे मोजमापाचे साधन केले. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात ओझोन असतो, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. १९५१ मध्ये ब्रॅडली आणि हागेन-स्मिट यांनी रबराची पट्टी वाकवून तिला भेगा पडायला किती वेळ लागतो, यावरून हवेतील ओझोन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वाहनांच्या धुरातील वायूंवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. मोटारीचा धूर असा मोटारीच्याच टायरवर उलटतो!

उपाय पुन्हा रबराच्या आतच सापडला. रबरात मेण मिसळले की ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरते. पण धावताना टायर सारखा दबतो आणि वाकतो, तेव्हा हा थर तडकतो. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच्या जोडीला ओझोनरोधक रसायने मिसळली जाऊ लागली. तीही पृष्ठभागाकडे सरकतात आणि रबराच्या आधी स्वतः ओझोनशी संयोग पावतात. जुन्या टायरवर दिसणारा तपकिरी रंग बराचसा याचाच असतो. आपण ज्याला मळ समजतो, त्यात कामी आलेल्या पहारेकऱ्यांचे अवशेषही असतात.

चकाकी कशाची?

बहुतेक पॉलिशमधला चमकणारा घटक सिलिकोन तेल असतो. नॉटिंगहॅमचे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिलिकॉनच्या अशा संयुगांवर दीर्घ संशोधन केले, पण त्यांचा व्यावहारिक उपयोग त्यांना फारसा दिसला नव्हता. १९४० मध्ये अमेरिकेत यूजीन रोकॉव यांनी ही संयुगे स्वस्तात बनवण्याची प्रक्रिया शोधली आणि सिलिकोनचा उद्योग उभा राहिला.

सिलिकोन पाण्याला दूर ठेवते, ऊन-उष्णतेने सहसा बिघडत नाही आणि काळ्या रबरावर सुरेख चमकते. पण त्याच्या पातळ थरातून वायू सहज आरपार जातात, म्हणून ओझोन अडवण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. रबराच्या अंगात मुरून ते बळकटीही देत नाही. होडीचे तेल आणि टायरचे पॉलिश यांत हाच फरक आहे.

मग निवड कशी करावी?

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. एकात सिलिकोन पेट्रोलजन्य द्रावकात विरघळवलेले असते. त्याची चमक झगझगीत असते, पण असा द्रावक रबराला फुगवतो आणि पृष्ठभागावरचे मेण विरघळवू शकतो. काही ठिकाणी टायरला डिझेल किंवा रॉकेल फासतात, तेही याच कारणाने टाळावे. दुसरा प्रकार दुधासारख्या पांढऱ्या पायसाचा. त्यात द्रावक पाणीच असते. चमक सौम्य पडते, पण टायरला अपाय होत नाही. निवडायचा तो हा प्रकार.

टिकण्याचे गणित वेगळे आहे. साधे सिलिकोन तेल नुसते पृष्ठभागावर बसते आणि दोन-चार पावसांत जाते. ज्या सिलिकोनच्या रेणूंना रबराला धरून ठेवणारे गट जोडलेले असतात, किंवा जे वाळताना एकमेकांत गुंफले जातात, ते जास्त दिवस राहते. मात्र टायर आधी साबण-पाण्याने व ब्रशने धुऊन पूर्ण कोरडा केलेला हवा. तपकिरी थरावर बसलेले पॉलिश त्या थराबरोबरच निघून जाते. पातळ हात द्यावा, जास्तीचे पुसून घ्यावे. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाला आणि ब्रेकच्या तबकडीला ते कधीही लागू देऊ नये. दुचाकीच्या टायरला तर लावूच नये, कारण वळताना दुचाकी टायरच्या कडेवर टेकते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चकाकी टायरचे वय झाकते. टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार आकडी अंक कोरलेला असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पॉलिशची बाटली उघडण्याआधी हा अंक वाचावा आणि भेगा पाहाव्यात. घाटात फुटणारा टायर कितीही काळाभोर असला तरी काय कामाचा?

या कथेला अलीकडे आणखी एक पान जोडले गेले. ६पीपीडी नावाचे प्रचलित ओझोनरोधक ओझोनशी संयोग पावून जे संयुग बनते, ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांतल्या कोहो सामन माशांना मारक ठरते, असे २०२० च्या अखेरीस संशोधकांनी दाखवले. रबराचे झिजलेले कण पावसाबरोबर वाहत जातात. मुंबई-गोवा महामार्गही आंजणारीच्या पुलावरून काजळी नदी ओलांडतो, आणि ती नदी पुढे भाट्याच्या खाडीला मिळते. टायरचे रक्षण करणारे पण पाण्याला निर्धोक असे द्रव्य शोधणे हे आजच्या रसायनशास्त्रापुढचे खरे काम आहे.

शिक्षकांना आम्ही दोन प्रयोग सुचवतो. दोन सारखी रबरबँडे मोजून एक पाण्यात आणि एक रॉकेलमध्ये रात्रभर ठेवावे. रॉकेलचे काम शिक्षकांनी ज्योतीपासून दूर, स्वतःच्या हाताने करावे. सकाळी दोन्हींची लांबी पुन्हा मोजावी. दुसऱ्या प्रयोगात एक रबरबँड फळीवर ताणून गच्चीत सावलीला ठेवावे आणि तसेच दुसरे हवाबंद बरणीत. रोज भिंगातून पाहून भेगा कुठे आधी पडतात, कोणत्या दिशेने पडतात, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. कोणत्याही बाटलीवरचे आश्वासन कसे तपासायचे, याचा धडा त्यांना त्या वहीतूनच मिळेल.