थांबण्याचे शास्त्र

कोकणचा खलाशी आणि विनिपेग सरोवराचा नावाडी यांची कधी गाठ पडली नाही. पण वादळातून वाचण्याचा दोघांचा पहिला उपाय एकच होता : थांबणे.

कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मगच त्या पाण्यात उतरत. सणाने घालून दिलेला तो सुरक्षेचा नियमच होता.

आपले सरोवर सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर पसरलेले, पण सरासरी खोली जेमतेम १२ मीटर. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. एकीतून सावरेपर्यंत दुसरी होडीत शिरते. म्हणून एकोणिसाव्या शतकात हडसन्स बे कंपनीच्या यॉर्क बोटींचे नावाडी वारा बिघडला की किनाऱ्यावर तळ ठोकत.

पुढे वाफेचे यंत्र आले, त्याबरोबर वेळापत्रकही. १९०६च्या ऑगस्टमध्ये 'प्रिन्सेस' ही आगबोट याच सरोवरात वादळात बुडाली. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढात, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. शिडाच्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर शाकारलेल्या होत्या.

आज आपली मुले-नातवंडे गिमलीहून होडी काढतात. अंगात लाइफ जॅकेट हवेच. पण वाऱ्याचा अंदाज वाईट असेल, तर शनिवार-रविवार फुकट गेला म्हणून हळहळू नये. दोन्ही पाण्यांवरच्या जुन्या जाणत्यांनी त्या दिवशी होडी काढलीच नसती.