उंबरठ्यावरचे एक अक्षर

आळंदी रस्त्यावर विश्रांतवाडीला राज्याच्या आरोग्य खात्याचे आरोग्य भवन आहे. राज्यातील क्षयरोग नियंत्रणाचे कामकाज तेथून चालते. औषधाला दाद न देणारा क्षय ही या खात्याची मोठी डोकेदुखी. तिचे एक कारण जीवाणूच्या डी.एन.ए.मधील एका अक्षरात आहे आणि गंमत म्हणजे ते अक्षर जनुकात नाही, जनुकाच्या उंबरठ्यावर आहे.

जनुकाची आर.एन.ए. नक्कल कोठून सुरू करायची हे पॉलिमरेज या विकराला कसे कळते? जनुकाआधीच्या ज्या जागेवर ते बसते तिला 'प्रवर्तक' म्हणतात. ही कल्पना १९६४ मध्ये पॅरिसच्या झाकोब, उलमान आणि मोनो यांनी मांडली. त्यांनी नकाशावर दाखवलेली जागा मात्र चुकली होती. ती १९६८ मध्ये दुरुस्त झाली. (अशा चुका पाठ्यपुस्तकात येत नाहीत, हे मला नेहमीच खटकते.) १९७५ मध्ये डेव्हिड प्रिबनाउ यांनी निरनिराळे प्रवर्तक एकाखाली एक मांडून पाहिले. नकलेच्या आरंभाआधी सुमारे दहा घरांवर 'टीएटीएएटी'शी मिळतीजुळती अक्षरे दिसली. या नमुन्याशी साम्य वाढले की नक्कल सहसा अधिक वेळा सुरू होते. म्हणजे येथील बदलाने प्रथिन तेच राहते, प्रमाण बदलते.

आता क्षयाकडे वळू. आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे. जंतूचेच कॅटजी हे विकर त्याला कार्यक्षम करते. मग ते जंतूचे कवच घडवणाऱ्या इनएचए या विकराला निकामी करते. कॅटजीचा यातील वाटा १९९२ मध्ये कळला, इनएचएचा १९९४ मध्ये. कॅटजी बिघडले तर औषध कार्यक्षमच होत नाही. पण काही रोधी जंतूंत कॅटजी शाबूत असते. त्यांच्यात इनएचएच्या जनुकसमूहाआधी, पंधराव्या घरात, 'सी'च्या जागी 'टी' आलेला आढळतो. त्यामुळे इनएचए जास्त बनते. आपण शंभर कुलपे घेऊन गेलो आणि दारे पाचशे निघाली, तसे हे!

या फरकावर उपचार ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये मान्य केलेली पट्टी-चाचणी कॅटजी आणि हा प्रवर्तक दोन्ही तपासते. बदल फक्त प्रवर्तकात असेल, तर वाढीव मात्रेतील आयसोनियाझिड उपयोगी पडू शकते. इथिओनामाइड मात्र त्याच इनएचएवर काम करते. त्यामुळे रुग्णाने ते आयुष्यात कधी घेतले नसले, तरी त्याच्या जंतूंवर ते सहसा चालत नाही.