अधिकार आणि हक्क : धर्मश्रद्धेच्या संदर्भात दोन शब्दांचा इतिहास

‘मानवी हक्क’ आणि ‘मानवाधिकार’ ही दोन पदे आज मराठीत समानार्थक म्हणून वापरली जातात. त्यांतील उत्तरपदे मात्र भिन्न कुळांतली आहेत. ‘हक्क’ मूळ अरबी. सत्य, तसेच न्यायतः ज्याला जे मिळावयाचे ते, असे त्याचे अर्थ असून इस्लामी परंपरेत ते ईश्वराचे एक नामही आहे. फारसी दफ्तरातून तो मराठीत आला तेव्हा हे धार्मिक वलय गळून पडले. देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या वतनी कागदांत ‘हक्क’ म्हणजे वतनाबरोबर येणारी ठराविक प्राप्ती : इतके धान्य, इतका पैका, अमुक मान. केवळ माणूस म्हणून माणसाचा असा हक्क त्या कागदांत शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. ‘अधिकार’ हा शब्द मात्र यज्ञशाळेतून आला. धर्मश्रद्धा आणि मानवी हक्क यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे जे वाद झाले, त्यांतील पुष्कळसा गोंधळ या दुसऱ्या शब्दाच्या जुन्या अर्थामुळे झालेला आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा आहे. कर्म कोणी करावयाचे, म्हणजेच त्याच्या फळाचा स्वामी कोण, हा तेथील प्रश्न. उत्तर विधिवाक्यातूनच काढावयाचे असल्यामुळे सारी चर्चा व्याकरणाच्या अंगाने चालते. विधीत ‘स्वर्गकामः’ असे पुंलिंगी पद आहे. ऐतिशायनाचे मत असे की, पद पुंलिंगी आहे तेव्हा अधिकार पुरुषालाच. जैमिनीने बादरायणाच्या नावावर याचे खंडन दिले आहे : पदाने स्वर्गेच्छू व्यक्तींची जाती सांगितली, लिंग हे तेथे विवक्षित नव्हे, सबब स्त्रीलाही अधिकार आहे. (तो पतीसह आहे आणि वेदाध्ययन नसल्याने पुष्कळ आखडलेला आहे, हे लगेच सांगितले जाते ते वेगळे.) पुढे वर्णाचा प्रश्न येतो. बादरीच्या मते विधीत कोणाचेच विशेष नाव नाही, म्हणून अधिकार चारही वर्णांना. हे मत सूत्रकाराने नोंदविले आणि फेटाळले. कारण अग्न्याधान सांगताना वचनात तीनच वर्णांचा निर्देश आहे. पण तेवढ्याने प्रकरण मिटत नाही. एका इष्टीच्या संदर्भात ‘निषादस्थपति’ असा समास येतो. तो षष्ठी तत्पुरुष घेतला तर ‘निषादांचा अधिपती’, म्हणजे कोणी त्रैवर्णिकही असू शकेल. कर्मधारय घेतला तर अधिपती स्वतःच निषाद. मीमांसकांनी कर्मधारय स्वीकारला, कारण तत्पुरुषात पूर्वपदावर लक्षणा करावी लागते. परिणामी त्या एका कर्मापुरता निषाद यज्ञाचा अधिकारी ठरला.

समासाच्या विग्रहावर माणसाची पात्रता टांगलेली असावी, याचे आधुनिक वाचकाला हसू येईल. ते थोडे आवरावे. या चर्चेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, धर्मवचन मानणारी परंपरा स्थिर नव्हती. त्याच वचनातून बादरी सर्वांना आत घेत होता आणि जैमिनी काहींना बाहेर ठेवीत होता. दुसरी अधिक महत्त्वाची : दोघांनाही वचनाच्या अगोदर उभा असलेला माणूस ठाऊक नव्हता. अधिकार वचन देते. ते नसेल तर मागावयाला जागाच नाही.

लिंगाचा हाच प्रश्न १९४७-४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे आला. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘मेन’ असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता या बडोदे संस्थानचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. त्यांनी त्याला हरकत घेतली. आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांचे म्हणणे असे की, त्या शब्दात स्त्रियांचा समावेश होतोच हे सर्वमान्य आहे. बादरायणाने ऐतिशायनाला दिलेले उत्तर हेच होते! हंसाबेनना ते पुरेसे वाटले नाही. अर्थ लावणाऱ्याच्या औदार्याने जे आत येते, ते दुसऱ्या अर्थकाराच्या कठोरपणाने बाहेरही जाऊ शकते. अखेर शब्द बदलून ‘ह्यूमन बीइंग्ज’ असा झाला. त्याच कलमात मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेनुसार निर्माण झाल्याचा उल्लेख असावा, अशी सूचना ब्राझीलने आणली होती. चिनी प्रतिनिधी चांग इत्यादिकांच्या विरोधानंतर ती मागे घेतली गेली. ईश्वर नको म्हणून नव्हे, तर नाना श्रद्धांच्या लोकांना एका श्रद्धेच्या भाषेत बांधू नये म्हणून. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, ८ तटस्थ राहिली, विरोधी एकही नव्हते. तटस्थांत सौदी अरेबिया होता. धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्याचा अठराव्या कलमातील उल्लेख त्याला मान्य नव्हता. पाकिस्तानच्या झफरुल्ला खान यांनी मात्र इस्लामच्याच आधारे त्या कलमाचे समर्थन केले. एकाच ग्रंथाचे दोन अर्थ, हे चित्र आपल्याला नवे नाही.

महाराष्ट्रात या दोन शब्दांमागील दोन वृत्ती याआधीच स्पष्ट झाल्या होत्या. १८९९ नंतरच्या कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात शाहू छत्रपतींचा दावा अधिकाराचा होता : आम्ही क्षत्रिय, म्हणून आमचे संस्कार वेदमंत्रांनी व्हावेत. महाडचा प्रश्न वेगळा. मुंबई कायदे मंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे ठरविले, पण ते कागदावर राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले, तेव्हा त्यांनी कोणत्याही वचनाचा आधार मागितला नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावला. विशेष हे की, त्यानंतर जो हल्ला झाला तो ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ या अफवेने. पाण्याचा प्रश्न विरोधकांनी देवळाचा करून टाकला. हक्काच्या मागणीला अधिकारभंगाचे रूप दिले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली तिचा अर्थ या प्रकाशात पाहावा : वचनाचा नवा अर्थ लावणे नव्हे, तर वचनाची अधिकार देण्याची सत्ताच नाकारणे. पुढे फिर्यादींनी न्यायालयात आधार घेतला तो प्रामुख्याने मालकीचा आणि रूढीचा. ती रूढी अनादि असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने दिला.

संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा राज्याला दिली. मुल्कीच्या गौड सारस्वतांच्या व्यंकटरमण देवस्थानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, संप्रदायाचा स्वयंव्यवस्थेचा हक्क या तरतुदीपुढे दुय्यम ठरविला; काही विवक्षित विधी मात्र संप्रदायापुरते राखू दिले. निर्णयाचा पाया संविधानाची दोन कलमे हा होता. १९६६ सालच्या स्वामिनारायण पंथाच्या खटल्यात वळण निराळे आहे. आपण हिंदू नाही, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असे पंथीयांचे म्हणणे. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी ते अमान्य केले, व तसे करताना हिंदू कोण याचे विस्तृत विवेचन, टिळकांच्या व्याख्येसह, केले. प्रवेशाला होणारा विरोध हा धर्माच्या खऱ्या शिकवणुकीच्या अज्ञानातून आला आहे, असेही म्हटले. पंथ हिंदू आहे की नाही हे ठरविणे प्राप्तच होते, हे मान्य. परंतु खरी शिकवण कोणती हे न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती. तसे सांगताच न्यायाधीश बादरीच्या आसनावर बसतो, आणि त्या आसनावर उद्या जैमिनीही बसू शकतो. हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना जाऊ द्यावे, या २०१६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयातही न्यासाने पुढे केलेली धर्मवचने तपासावी लागली. बंदी हे इस्लामचे आवश्यक अंग असल्याचे सिद्ध होत नाही, असे ठरले. सिद्ध झाले असते तर काय, हा प्रश्न प्रवेश मिळालेल्या स्त्रियांच्या समाधानाने मिटत नाही.

शब्दांपुरते पाहावयाचे तर, संविधानाच्या तिसऱ्या भागाचे शीर्षक हिंदीत ‘मूल अधिकार’ असे आहे. मराठी आवृत्तीत ते ‘मूलभूत हक्क’ असे आहे. वतनी कागदांतला शब्द तेथे घेतला गेला, यज्ञशाळेतला नव्हे.