वही कोणाच्या हातात?

मंडळी, आजचा विषय पैशांचा. कसे कमवायचे हा नाही (ते कळलं असतं तर सोमवारी ऑफिसला कशाला गेलो असतो :) ), तर आलेले पैसे जातात कुठे, हा. त्यासाठी हल्ली ढीगभर ॲप्स आहेत. ती सगळी बाजूला ठेवू आणि त्यांच्या खापरपणजीकडे जाऊ, म्हणजे हिशेबाच्या वहीकडे. ही वही आपली असली तर काय होतं आणि दुसऱ्याची असली तर काय होतं, हे आपल्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

सुरुवात राणीसावरगावापासून करतो. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात, रेणुकादेवीच्या देवळासाठी ओळखलं जाणारं हे गाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा रुपया वेगळा होता. त्याला म्हणायचे 'हाली सिक्का'. हाली म्हणजे चालू, सध्याचा; आपला 'हल्ली' त्याच घरातला. इंग्रजांचा रुपया तो 'कल्दार', म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. सात हाली म्हणजे सहा कल्दार. त्यामुळे शंभर कल्दारांचे हाली किती? ११६ रुपये १० आणे ८ पै! (करून बघा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. कॅल्क्युलेटर न वापरता.)

बरं, दोन्ही नाणी आपापल्या जागी राहिली असती तर एक वेळ ठीक होतं. पण जिल्ह्याच्या उत्तरेला लागूनच वऱ्हाड, आणि तिथला कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. शिवाय परभणीकडचा भाग कापसाचा, आणि कापसाची मोठी बाजारपेठ मुंबई. म्हणजे व्यवहाराची एक बाजू हालीत, तर दुसरी कल्दारात. त्यात संस्थानाच्या दप्तरात फसली सन (फसली १३३० म्हणजे आपलं १९२०-२१), सरकारी कागद उर्दूत आणि सावकाराची वही मोडीत नाहीतर महाजनीत. कर्ज घेणारा शेतकरी बहुधा निरक्षर. म्हणजे तारीख एका पद्धतीची, चलन दोन प्रकारचं, आणि लिहिलेलं वाचता येत नाही ते नाहीच.

आता एक कल्पित उदाहरण घ्या. कोणी ७० रुपये हाली उचलले. वहीत लिहिलं नुसतं 'रुपये ७०'. फेडताना ते कल्दार धरले, तर ६० च्या जागी ७० द्यावे लागले. व्याज सुरू होण्याआधीच मुद्दल सहाव्या हिश्शाने फुगलं, तेही एक शब्द न लिहिल्यामुळे. आपल्या भाषेत सांगायचं तर आकडा बरोबर, युनिट गायब.

इथे कोणी म्हणेल, की जुन्या माणसांचा तोंडी हिशेब पक्का असायचा. असायचाच. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा!) हे सगळं आणे-पैच्या जगातलं रोजचं हत्यार होतं. पण भांडण उभं राहिलं की तोंडी हिशेब टिकत नाही. कचेरीत वही बोलते. आणि वही सावकाराची.

याचा स्फोट निझामाच्या नाही, तर इंग्रजांच्या हद्दीत झाला. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, उधारी सढळ हाताने मिळू लागली. युद्ध संपलं, भाव पडले, वर सरकारने शेतसारा वाढवला, आणि सावकारांनी हात आखडता घेऊन वसुली सुरू केली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि पुणे-नगरकडच्या गावागावांत पसरला. इतिहासात यालाच 'दख्खनचे दंगे' म्हणतात. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे, गहाणखतं, वह्या काढायच्या आणि जाळायच्या. जी वही आपल्याला वाचता येत नाही पण आपलं शेत गिळू शकते, तिचं दुसरं काय करणार?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तरतुदी मला आजही फार आधुनिक वाटतात. रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता कोर्टाने व्यवहाराचा मूळापासूनचा इतिहास तपासायचा. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला पावती मिळाली पाहिजे. वर्षाला हिशेबाचा उतारा मागता आला पाहिजे. आणि मागितलं तर पासबुक! म्हणजे वहीची एक प्रत कर्जदाराच्या घरी. कायद्याने सगळं सुरळीत झालं असं अजिबात नाही, पण दुखणं कुठे आहे ते बरोबर सापडलं होतं. राणीसावरगाव मात्र दुसऱ्या राज्यात. हा कायदा तिथे पोचायचा प्रश्नच नव्हता.

आता त्या वहीचं तंत्र बघू, कारण ते खरंच सुंदर आहे. पेशवाईच्या दप्तरात रोजकीर्द असायची. त्या त्या दिवशी जे घडलं ते त्याच क्रमाने लिहायचं. कीर्दीवरून मग खतावणी, म्हणजे प्रत्येक खात्याचं वेगळं पान. त्यावरून तेरीज, म्हणजे गोषवारा. वर्षाच्या सुरुवातीला अजमास (अंदाज) आणि शेवटी ताळेबंद. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना हसू आलं असेल: कीर्द म्हणजे फक्त शेवटी भर घालता येते असा लॉग, आणि खतावणी म्हणजे त्यावरचा इंडेक्स. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा बनवता येते. उलट करणं कठीण. म्हणून कीर्द पवित्र.

पुढे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे-पै गेले, आणि १९५९ मध्ये हाली रुपया कायमचा रद्द झाला. युनिटचा घोळ मिटला. वही कोणाची हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्याला गावपातळीवरचं एक चांगलं उत्तर म्हणजे बचत गट. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला. गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्याबरोबर पाचवं सूत्र आहे ते हिशेब लिहिण्याचं. बैठकीत हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा. जिला वाचता येत नाही तिलाही तो ऐकता येतो.

आणि आपण? वाचता-लिहिता येतं, तरी आपली कीर्द आपण लिहीत नाही. यूपीआय, कार्ड, 'आत्ता घ्या, नंतर भरा', सबस्क्रिप्शन... नोंद दुसऱ्याच्या वहीत आपोआप होते. आधुनिक १८७९ सुद्धा येऊन गेलंय. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांची सूचना निदान २४ तास आधी द्यावी लागते. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी डिजिटल कर्ज देणाऱ्याला सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारं पत्रक देणं बंधनकारक केलं. पासबुक आपल्या हातात आहे हो. पण स्टेटमेंट सांगतं पैसे कोणाला गेले. कशासाठी गेले आणि जायला हवे होते का, हा रकाना त्यात नाही. तो फक्त आपल्यालाच भरता येतो.

जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही काढली, ती 'काकेइबो' म्हणून आज जगभर विकली जाते. आपल्याकडे विकत घ्यायची गरज नाही. माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या:

१. अजमास: पगाराच्या दिवशी पाच ओळी. भाडं, किराणा, प्रवास, घरी पाठवायचे, मौज.
२. कीर्द: रोज रात्री दोन मिनिटं, हाताने. रक्कम आणि पुढे एक शब्द: 'गरज', 'हौस' किंवा 'कंटाळा'. (तिसरा शब्द भलताच उद्बोधक ठरतो.)
३. खतावणी: रविवारी, स्प्रेडशीटमध्ये. इथे यंत्र वापरा खुशाल.
४. तेरीज: महिन्याच्या शेवटी एक पान. जोडीदार असेल तर बचत गटासारखं मोठ्याने वाचायचं.

खतावणी आणि तेरीज ॲपवर सोपवा, माझी हरकत नाही. कीर्द तेवढी स्वतः लिहा. जी वही वाचता येत नव्हती ती लोकांनी जाळली. आपल्याला येते, तर निदान उघडून बघू या.

असो. सहावीचा पाढा घेऊन ११६ रुपये १० आणे ८ पै जुळवायला बसलेल्यांनी जेवून घ्यावं. :)